काकडीचं टोपडं

“मी काही केलेलं नाही, असं घसा फोडून सांगितलं, पण एकाला म्हणजे एकाला खरं वाटलं नाही!” असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवणारी एक साळू एका जंगलाच्या कडेला, ओढ्याच्या काठी राहत असे. साळू कोण ते ठाऊक आहे ना, मुलांनो? तीच ती, अंगभर लांब लांब काटे असलेली, राग आला की ते उभे करून खडखड वाजवणारी. आणि या साळूला राग यायला फारसं काही लागत नसे. कोणी शिंकलं तरी ती विचारी, “मला बघून शिंकलास का रे?” पण या गोष्टीतला तिचा राग खरा होता. का खरा, ते नीट ऐका.

त्या ओढ्याला एक खोल डोह होता. उन्हाळ्यात सगळं रान करपून जाई, तरी डोहाचं पाणी आटत नसे. डोहाच्या कडेला वाळू होती आणि वाळूत सगळ्या जनावरांची मिळून काकडीची वाडी होती. रीत अशी होती की ज्याचा वेल वाडीत, त्याला डोहाचं पाणी. ज्याला वाडीतून काढलं, त्यानं वरच्या टेकडीवर जायचं. टेकडीवर काय? दगड, आणि दगडाखाली विंचू. साळूचं बीळ वाडीच्या बांधालाच होतं. बिळात तिची दोन पिल्लं होती, इतकी लहान की त्यांचे काटे अजून मऊ होते.

वाडीचा कारभार एका वानराकडे होता. सगळे त्याला वानरराव म्हणत. त्याला कारभारी केलं कोणी? कोणीच नाही. त्याला उंच दगडावर बसायची सवय होती, आणि बाकीचे खाली बसत. रोज मान वर करून बघता बघता सगळ्यांना वाटायला लागलं की हाच आपल्यात मोठा.

त्या वर्षी माघातच ऊन तापलं. वानररावांनी दगडावर बसून पाठ शेकली आणि जाहीर केलं, “थंडी संपली. माझ्या पाठीला कळलं. काकडीच्या बिया लावा.”

सगळ्यांनी आळी केली, शेणखत घातलं, बिया लावल्या. साळूनं तर सगळ्यांच्या आधी लावल्या, कारण पहिली काकडी आपल्याच वेलाला लागावी आणि ती सगळ्यांच्या नाकासमोर कराकरा खावी, अशी तिची फार दिवसांची हौस होती. वेल वाळूवर पसरले, पिवळ्या फुलांच्या कळ्या दिसायला लागल्या, आणि थंडी परत आली. विसरलेलं घोंगडं न्यायला यावं तशी आली आणि घोंगडं सापडेना म्हणून मुक्कामालाच राहिली. सकाळी सशाचे कान असे ताठ होत की त्याला वाकून बिळातून बाहेर यावं लागे.

“वानरराव, तुमच्या पाठीला काय झालं?” साळूनं खालून विचारलं.

“पाठीचं सोड,” वानरराव म्हणाले, “कळ्यांना टोपडी घाला.”

रानात एक शिंपीण होती. पानं शिवून घरटं करते ना, ती एवढीशी चिमणी पाखरीण. तिला कामाला लावलं. रुईच्या मऊ पानांची टोपडी, कोळ्याच्या जाळ्याचं सूत, खाली गाठ मारायला नाडी. एकेका कळीला एकेक टोपडं. वाडीकडे बघितलं की वाटे, ओळीनं तान्ही बाळं निजवून ठेवली आहेत. शिंपिणीचं काम सुरेख होतं, त्यात शंका नाही. त्या टोपड्यात वारासुद्धा शिरत नसे.

मग थंडी खरोखरीच गेली. पळस लाल झाला, आंबा मोहरला, कोकिळेनं पहाटे सगळ्यांची झोपमोड करायला सुरुवात केली. टोपड्यात फुलं उमलली. फुलाच्या मागे करंगळीएवढ्या काकड्या दिसायला लागल्या. ससा म्हणाला, “वानरराव, आता उकडायला लागलं. टोपडी काढू या का?”

“खुळा की काय तू?” वानरराव दगडावरून ओरडले. “थंडीची भीती ती काय भीती! खरी भीती तर आता पुढे आहे.”

“कसली?”

“बोटाची!”

हे ऐकल्यावर ससा काय, डुकरीणसुद्धा दोन पावलं मागे सरली. कारण कोवळ्या काकडीकडे बोट दाखवलं की ती कुजते, हे त्या रानात सगळे आईच्या दुधाबरोबर शिकत. चुकून दाखवलंच, तर लगेच ते बोट चावायचं, म्हणजे दोष जातो. डुकरिणीच्या पिल्लांना तर इतका धाक होता की ती दिवसभर आपापले खूर चावत बसलेली असत.

तेव्हा टोपडी तशीच राहिली. वर वानररावांनी प्रत्येक टोपड्याला कोळशाची तीट लावायला लावली. टोपड्यात डोकावून बघायलाही बंदी झाली. बघितलं म्हणजे नजर लागली.

आता साळूची गंमत बघा. ती वाडीतून जायची तेव्हा तिचे काटे दोन्ही बाजूंनी पसरलेले असायचे. दुसऱ्यांच्या आळ्यांजवळून ती अंग चोरून जाई, पण स्वतःच्या वेलाला पाणी घालताना कशाला चोरेल? तिच्या टोपड्यांना भोकं पडत. कुठलं फाटे, कुठलं काट्याला अडकून निघूनच येई. शिंपीण कपाळ बडवून घेई.

“साळूबाई, अहो अंग आवरून चालत जा जरा! हे तिसऱ्यांदा शिवतेय मी.”

“अंग माझं, काटे माझे, वेल माझा. नको शिवूस.”

“मग काकडी कुजली तर मला बोलायचं नाही.”

“तुला कशाला बोलू? मला बोलायला वानरराव आहेत.”

शिंपिणीनं रागानं साळूच्या वेलाकडे चोच फिरवली आणि पुन्हा काही तिथे फिरकली नाही.

थोड्याच दिवसांत वाडीत टपटप सुरू झाली. रात्री शांत वेळी नाही, चांगलं भर सकाळी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. सशाच्या वेलावरून एक टोपडं गळून पडलं. आत बघितलं तर काकडी पिवळी पडून सुरकुतलेली. मग डुकरिणीच्या वेलावरून दोन. मग मोराच्या. मग वानररावांच्या स्वतःच्या वेलावरून तर मूठभर. डुकरिणीनं हंबरडा फोडला, “आता चैत्रात माझी पोरं खाणार काय? वाळू?”

आणि बरोबर याच वेळी बांधाकडून साळूचा आवाज आला. “अहो इकडे या, इकडे! बघा तरी माझी काकडी! काय बाई गुबगुबीत झालीय! आणि ही दुसरी बघा. आणि ही तिसरी!”

मुलांनो, दुसऱ्याच्या घरी रडारड चालली असताना आपली काकडी दाखवायची नसते. साळूला हे कोणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं. सगळे तिच्या वेलापाशी आले. हिरव्यागार काकड्या वाळूवर लोळत होत्या. कोणीच कौतुक केलं नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

“आपल्या सगळ्यांच्या कुजल्या,” डुकरीण हळूच म्हणाली, “आणि हिच्याच तेवढ्या बऱ्या टिकल्या गं बाई.”

“टोपडीसुद्धा धड नाहीत हिच्या वेलाला,” शिंपीण म्हणाली. “फाटकी. तरी टिकल्या.”

“रात्री आपण झोपतो तेव्हा ही फिरत असते,” मोर म्हणाला. मोराला यापलीकडे काही सुचलं नव्हतं, पण तो पिसारा पसरून म्हणाला, म्हणून ते मोठं वाटलं.

झालं! दुपारी दगडाखाली पंचायत बसली. वानररावांनी घसा खाकरला.

“कोवळ्या काकड्या कशानं कुजतात?”

“बोटानं!” सगळे म्हणाले.

“तेव्हा बोट कोणी दाखवलं ते शोधायचं.”

“मी नाही,” साळू म्हणाली. “माझ्या बिळाची शपथ. मी कोणाच्या काकडीकडे ढुंकूनही बघितलं नाही. मला माझ्याच बघायला वेळ पुरत नाही.”

“तुला बोटं आहेत का?”

“हे पंजे आहेत. याला तुम्ही बोटं म्हणत असाल तर सशाची पण धरा.”

सशानं पटकन दोन्ही पंजे पोटाखाली लपवले.

“पंजाचं कोण विचारतंय?” वानरराव दगडावर उभे राहिले. त्यांचा आवाज चढला. “हिच्या पाठीवर बघा! हे काय आहे? लांब, सरळ, टोकदार! आपण दाखवलं तर एक बोट दाखवतो. ही नुसती चालायला लागली की पाठीवरची शंभर बोटं वाडीभर दाखवत जाते! इकडे सशाच्या काकडीकडे, तिकडे डुकरिणीच्या काकडीकडे! आणि तिचं एक तरी बोट तिनं कधी चावलंय का?”

वाडीत सुस्कारे उठले. केवढी मोठी गोष्ट! इतके दिवस आपल्या लक्षात कशी आली नाही!

“पाठीवरचा काटा चावायचा कसा?” साळू ओरडली. “तुम्ही चावून दाखवा स्वतःची पाठ!”

“बघा, कबूल केलं,” वानरराव म्हणाले. “चावलेलं नाही.”

“कबूल काय केलं? अरे, मी काही केलेलं नाही! काटे आहेत ते, काटे! जन्माला आले तेव्हापासून आहेत. गेल्या वर्षी पण होते, तेव्हा का नाही कुजल्या काकड्या?”

हा प्रश्न अगदी नेमका होता. पण रागानं तिचे काटे असे खडखडत होते की तो कोणाला ऐकूच गेला नाही. ससा बिचारा म्हणाला, “साळूताई, तू नुसतं हो म्हण आणि माफी माग, म्हणजे मिटेल.”

“न केलेल्याची माफी? मेल्या, तुझे कान कशाला एवढे लांब ठेवलेत देवानं?”

वानररावांनी निकाल दिला. खाली गावात होळी पेटली की दुसऱ्या सकाळी साळूनं पिल्लं घेऊन टेकडीवर जायचं. तिचं बीळ डुकरिणीच्या पोरांना. आणि तिचा वेल? “तिचा वेल,” वानरराव म्हणाले, “त्याच्यावर लक्ष ठेवावं लागेल. ते मी ठेवीन.” असं म्हणून त्यांनी साळूच्या सगळ्यांत गुबगुबीत काकडीकडे बघून ओठावरून जीभ फिरवली.

ही जीभ साळूनं बघितली. टेकडी, विंचू, मऊ काट्यांची पिल्लं, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि वर ही जीभ. तिच्या डोक्यात सणक गेली.

साळू रागावली की बाकीच्यांसारखी तोंड पुढे करून धावत नाही. ती पाठ करून धावते. काटे पुढे, तोंड मागे, म्हणजे आपण कुठे चाललोय ते तिचं तिलाच दिसत नाही. वानरराव दगडावरून उडी मारून वाडीत पळाले आणि साळू त्यांच्या मागे, उलटी, गोल गोल. सशाच्या आळ्यातून गेली, डुकरिणीच्या वेलावरून गेली, मोराच्या वेलाला तर दोन फेऱ्या झाल्या. वेल जमिनीलगत होते, ते चेंगरले नाहीत. पण टोपडी? टरटर फाटली. प्रत्येक काट्यावर एकेक टोपडं अडकलं. शेवटी दम लागून ती थांबली तेव्हा तिच्या अंगावर टोपडीच टोपडी, अन् प्रत्येकाला तीट. जणू वाळत घातलेल्या बाळकपड्यांची दोरीच चालत आली होती.

तिच्या पिल्लांना हसू आलं. बाकी कोणी हसलं नाही.

“बुडालो!” झाडावर चढून बसलेले वानरराव किंचाळले. “सगळ्या काकड्या उघड्या पडल्या! आता सगळ्या कुजणार!”

“कुजायचं राहिलंय काय?” साळू खालून म्हणाली.

“शिंपिणी, पुन्हा शिव टोपडी! आत्ताच्या आत्ता!”

शिंपीण वाळूवर पाय पसरून बसली होती. तिच्या कामाची चिंधी न् चिंधी साळूच्या पाठीवर होती. “माझं सूत संपलं, माझी चोच झिजली, आणि माझं डोकं दुखतंय,” ती म्हणाली. “आता तुम्हीच शिवा, वानरराव. तुम्हाला चांगली लांब बोटं आहेत.”

त्या वेळी या बोलण्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. तुम्ही मात्र ते लक्षात ठेवा.

वेल उघडेच राहिले. कोणी वाडीत पाऊल टाकेना. बघितलं म्हणजे नजर, दाखवलं म्हणजे कुज, त्यापेक्षा घरी बसलेलं बरं. डोहावर पाण्याला जायचं तरी सगळे डोळे मिटून जात, आणि ससा दोनदा पाण्यात पडला. साळूनं मात्र बिळातला पाला गोळा केला, पिल्लांना टेकडी लांबून दाखवली आणि म्हणाली, “तिकडे हवा चांगली असते.” मग तोंड फिरवून बांधाकडे बघत बसली. दिवसभर वाडीत नुसती मधमाश्यांची गुणगुण चाललेली असे. तिला वाटे, यासुद्धा माझ्याबद्दलच कुजबुजत असतील.

खाली गावात होळी पेटली. दुसऱ्या सकाळी सगळी जनावरं साळूला घालवायला वाडीत जमली. पंचायतीचा निकाल होता, म्हणून यावंच लागलं. डुकरीण बीळ मापायला पोरांना घेऊन आली होती. तिनं पहिल्यांदा डोळे उघडले, आणि उघडेच ठेवले.

“अगो बाई! माझ्या वेलाला काकडी!”

“माझ्यापण!” ससा उडाला. “दोन! नाही, पानाखाली अजून आहेत!”

मोराच्या वेलाला होत्या. वानररावांच्या वेलाला होत्या. वाडीभर हिरव्यागार, काटेरी लव असलेल्या कोवळ्या काकड्या. इतक्यात एक मधमाशी सशाच्या नाकासमोरून फुलात शिरली आणि पिवळे पाय घेऊन बाहेर आली.

“मावशी,” सशानं विचारलं, “तुम्ही इथे काय करता?”

“हे काय विचारणं झालं?” मधमाशी म्हणाली. “जे दर वर्षी करतो तेच. या फुलाची धूळ त्या फुलात पोचते, तेव्हा काकडी धरते. या वर्षी तुम्ही फुलांना टोपडी बांधून ठेवलीत. आम्ही रोज येत होतो, दार बंद बघून परत जात होतो. बांधावरच्या त्या बाईंच्या टोपड्यांना तेवढी भोकं होती, म्हणून तिथे शिरलो.” आणि ती घाईघाईनं पुढच्या फुलावर गेली. तिला कामं होती.

सगळ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट हळूहळू शिरत होती, आणि ती शिरू नये म्हणून सगळे धडपडत होते. कारण टोपडी बांधताना नाडी तर सगळ्यांनीच धरली होती.

“चूक थंडीची आहे,” वानरराव भरभर म्हणाले. “ती परत का आली? आणि शिंपिणीनं इतकं घट्ट का शिवलं?”

“मी का शिवलं?” शिंपीण ताडकन उडाली. “थंडी गेल्यावर सशानं काढू या का विचारलं, तेव्हा नको कोण म्हणालं?”

“ते जाऊ दे,” डुकरीण मधे पडली. आपण खुळे ठरलो हे तिला काही केल्या पटत नव्हतं. “टोपडी असोत नाहीतर नसोत. काकड्या कुजल्या म्हणजे कोणीतरी बोट दाखवलंच होतं. साळूनं नाही तर मग कोणी? चला, दाखवा सगळ्यांनी आपापले पाय!”

सगळ्यांनी पाय पुढे केले. डुकरिणीचे खूर. सशाचे पंजे. मोराच्या आणि शिंपिणीच्या नख्या. कोणालाच धड बोट म्हणावं असं काही नव्हतं. सगळ्यांनी मग वर बघितलं. दगडावर वानरराव उभे होते. साळूकडे हात लांब करून “हिनंच, हिनंच” म्हणत होते, आणि त्या हाताच्या टोकाला एक चांगलं लांब, काळं, नखासकट बोट होतं. बोटाच्या पुढे साळू, आणि साळूच्या पलीकडे सगळी वाडी.

“अय्या!” शिंपीण म्हणाली.

“बोट!” ससा ओरडला. “वानररावांना बोट आहे!”

“पहिल्यापासून दाखवतायत!” डुकरीण गरजली. “टोपडी घाला म्हणाले तेव्हा दाखवलं, तीट लावा म्हणाले तेव्हा दाखवलं, पंचायतीत तर दोन्ही हातांनी दाखवलं! चावा! चावा ते बोट!”

वानररावांनी घाबरून बोट तोंडात घातलं आणि इतक्या जोरानं चावलं की टेकडीवरच्या विंचवांनासुद्धा ती किंकाळी ऐकू गेली. मग ते दगडावरून उतरले आणि बोट चोखत झाडीत गेले. पुन्हा त्या दगडावर बसायची त्यांना हिंमत झाली नाही.

साळू हे सगळं बघत होती. सगळ्यांनी धरलेलं कारण चुकीचं होतं, हे तिला कळत होतं. बोटाचा आणि काकडीचा काही संबंध नव्हता. पण हे सांगायला तिनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच मिटलं. चुकीच्या वाटेनं का होईना, सगळे एकदाचे बरोबर दारात पोचले होते.

ससा कान पाडून तिच्यापुढे आला. “साळूताई, आमचं चुकलं. तू सांगत होतीस, आम्हाला खरं वाटलं नाही. आता टेकडीवर जाऊ नकोस.”

“जाते कोण?” साळू म्हणाली. “डुकरिणी, तुझी पोरं माझ्या बिळातून बाहेर काढ. आणि ससुल्या, रडू नकोस, तुझ्या वेलाला पाणी घाल, पानं माना टाकतायत.”

मग तिनं आपली सगळ्यांत गुबगुबीत काकडी तोडली, दोन तुकडे पिल्लांना दिले, आणि उरलेली सगळ्यांच्या नाकासमोर उभं राहून कराकरा खाल्ली. बी न् बी. कोणाला चवीलासुद्धा दिली नाही.

तात्पर्य : फूल झाकून ठेवलं तर फळ धरत नाही, म्हणून आपलं काही बिघडलं की शेजारणीच्या पाठीवरचे काटे मोजत बसू नये, आपण काय बांधून ठेवलंय ते आधी सोडून बघावं, आणि जो उंचावर बसून रोज दुसऱ्याचा दोष दाखवतो, त्याला राव म्हणायच्या आधी नीट बघून घ्यावं, कारण साळूची काकडी गिळायला निघाला होता तो कोणी राव नव्हता, होतं एक साधं माकड.